हैदराबाद ते शिकागो : किलोमीटर किती, तास किती? तिकिटाचा हिशोब जुळंना

उदगीरचा_चालक

नमस्कार. मी उदगीरचा. ३१ वर्षं एसटीत चालक होतो, निवृत्त होऊन तीन वर्षं झाली.

लेक शिकागोला असते. जूनच्या पहिल्या आठवड्यात तिचं बाळंतपण आहे, म्हणून आम्ही दोघं निघायलोत. तिकीट जावयांनी काढून पाठवलंय. विमानात बसायची दोघांचीही पहिली वेळ. आमच्या घरातून तर बिदर, पंढरपूर, तुळजापूर ह्याच्या पलीकडं फार कुठं जाणं झालं नाही.

मला अंतर आणि वेळ ह्याचा मेळ बसल्याशिवाय चैन पडत नाही. नोकरीच तशी गेली. उदगीरहून लातूर म्हणलं की नळेगाव कधी लागंल, कुठं पाच मिनिटं जातील, कुठं भरून निघतील, हे डोळे झाकून सांगंन. पुण्याची रातराणी सात वर्षं केली, तिचा तर खड्डान् खड्डा पाठ होता. आणि आता हे तिकीट आठ दिवस झाले समोर घेऊन बसलोय, कळंना.

तिकिटावर असं आहे. हैदराबादहून रविवार १० मे, पहाटे ४:२० ला निघायचं. दुबईला ६:५०. तिथून ९:५० ला दुसरं विमान. शिकागोला त्याच रविवारी दुपारी ३:५०. पहाटे ४:२० ते दुपारी ३:५० म्हणजे साडेअकरा तास. लेक म्हणायली बावीस तास लागतात.

येतानाचं बघा. शनिवार २४ ऑक्टोबर, रात्री ८:३० ला शिकागो सोडायचं. रविवारी संध्याकाळी ७ ला दुबई. रात्री १० ला तिथून निघून सोमवारी पहाटे ३ ला हैदराबाद. हे धरलं तर साडेतीस तास. रस्ता तोच, गाडी तीच, आणि जाताना साडेअकरा, येताना साडेतीस?

दुसरं. पुतण्याच्या नकाशावर हैदराबाद आणि शिकागोला दोरा लावून बघितला. दोरा अरबस्तान, आफ्रिकेचं वरलं टोक, मग मोठा समुद्र असा जातो. पण लेकीनं मोबाइलवर विमानाची वाट दाखवली ती पार वर बर्फाकडं चढून खाली उतरते, धनुष्यासारखी. एवढा वळसा कशाला? डिझेल जळत नाही का त्यांचं?

तिसरं, पंधरा तास एकच चालक चालवतो का? हे मी मनापासून विचारतोय. सलग आठ तासांनंतर डोळ्याला काय होतं ते मला माहीत आहे.

आणि शेवटचा प्रश्न माझा नाही, घरचा आहे. देवणीला हिची आई आहे, ८६ वर्षांची. ही किलोमीटर विचारत नाही. ही विचारायली, "तिकडून निघालं तर आईपाशी किती वेळात पोचता येतं?" मला सांगता आलं नाही. कुणाला नीट माहिती असंल तर सांगा.

—

भूगोलाची_बाई

काका, नमस्कार. मी परभणीची, २४ वर्षं भूगोल शिकवते. तुमचा हिशोब चुकलेला नाही, फक्त तुम्ही दोन वेगवेगळ्या घड्याळांची वजाबाकी केली. तिकिटावर प्रत्येक वेळ त्या-त्या गावच्या घड्याळानं छापलेली असते. तुमच्या तिकिटात तीन गावं आहेत, म्हणजे तीन घड्याळं.

दुबई आपल्या दीड तास मागं. शिकागो मे ते ऑक्टोबरमध्ये आपल्या साडेदहा तास मागं. आता सगळं उदगीरच्या घड्याळावर आणू. ४:२० ला निघालात. दुबईला उतराल तेव्हा उदगीरला सकाळचे ८:२०, म्हणजे हा टप्पा चार तासांचा. दुबईहून निघाल तेव्हा उदगीरला ११:२०, म्हणजे तीन तास थांबा. शिकागोला उतराल तेव्हा तिथं रविवारची दुपार, पण उदगीरला रात्र उलटून सोमवार पहाटेचे २:२० वाजलेले. म्हणजे हा टप्पा पंधरा तास. चार, तीन, पंधरा : बावीस. लेक बरोबर सांगतेय.

परतीचं तसंच. शिकागोला शनिवार रात्रीचे ८:३० म्हणजे आपल्याकडं रविवार सकाळचे ७. तिथून सोमवार पहाटे ३ पर्यंत मोजा. वीस तास. साडेतेरा, तीन आणि साडेतीन.

एक जपा. अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ एक तास मागं घेतात. तुमची परत यायची तारीख पुढं ढकलून नोव्हेंबरात गेली, तर साडेदहाचा फरक साडेअकरा होतो. मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुन्हा पूर्ववत. लेकीला फोन करायच्या वेळाही तेव्हा बदलतात.

आता वळसा. काका, उन्हाळा आहे, एक गोल टरबूज आणा. देठ म्हणजे उत्तर ध्रुव. मध्यावर आडवी रेघ मारा, ते विषुववृत्त. रेघेपासून देठाकडं पाचवा भाग वर जाऊन एक ठिपका द्या, ते आपलं हैदराबाद, १७ अक्षांशावर. शिकागो ४२ वर, म्हणजे रेघ आणि देठ ह्यांच्या जवळजवळ मधोमध. पण कुठल्या बाजूला? हैदराबाद ७८ पूर्व, शिकागो ८८ पश्चिम. बेरीज १६६. अर्धा फेरा १८० चा असतो. म्हणजे ते टरबुजाच्या जवळजवळ पाठीमागच्या अंगाला आलं. आता दोन ठिपक्यांवर दोरा ठेवून ताणा. दोरा आडवा राहतच नाही, सरकत सरकत देठाजवळ जातो. तीच सगळ्यात जवळची वाट. माझ्या सातवीच्या पोरांना मी हे दरवर्षी करायला लावते आणि दरवर्षी एक तरी पोरगं दोरा परत आडवा करून बघतं, पटत नाही म्हणून.

कागदाच्या नकाशात गोल साल ओढून सपाट केलेली असते. ध्रुवाकडचा प्रदेश त्यात फार ताणला जातो, म्हणून सरळ वाट वाकडी दिसते. तुमचा नकाशावरचा दोरा सरळ दिसला, पण जमिनीवर तोच लांबचा रस्ता आहे. डिझेल वाचवायलाच ते वर जातात.

आकडे सांगते. हैदराबाद ते शिकागो नाकासमोर सुमारे १३,३०० किलोमीटर. पृथ्वीचा घेर ४०,००० च्या आसपास, तेव्हा हा साधारण एक तृतीयांश झाला. कुठल्याही दोन गावांत २०,००० पेक्षा जास्त अंतर असूच शकत नाही, त्याच्यापुढं गेलं की उलट बाजूनं जवळ यायला लागतं. तुम्ही दुबईवरून जाताय : हैदराबाद-दुबई सुमारे २,५५०, दुबई-शिकागो सुमारे ११,६५०. बेरीज १४,२००. म्हणजे दुबईचं आडवळण फक्त नऊशे किलोमीटरचं आहे. दुबईहून शिकागोची जवळची रेघ आइसलँडवरून, ग्रीनलँडच्या दक्षिण भागावरून, मग कॅनडावरून उतरते. त्या दिवशीचा वारा कसा आहे आणि कुठल्या देशाचं आकाश बंद आहे त्याप्रमाणं वैमानिक थोडं इकडंतिकडं सरकतात, पण आकार धनुष्याचाच राहतो.

तुम्ही चालक आहात म्हणून पुढचं लिहायला मला विशेष बरं वाटतंय. ११,६५० ला ताशी ९०० नं भागा, तेरा तासांच्या आतच येतं. मग जाताना पंधरा का, आणि येताना साडेतेरा का? नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडं जोराच्या वाऱ्याचा पट्टा वाहतो. ताशी दीडशे-दोनशे किलोमीटरचा वारा तिथं नेहमीचा, थंडीत त्याहून जास्त. विमानाचा वेग हवेच्या तुलनेत तोच असतो, पण जाताना वारा तोंडावर येतो आणि येताना पाठीवर. वाट वर उत्तरेकडं जाते ती काही अंशी हा वारा चुकवायलाही जाते. फेब्रुवारी २०२० मध्ये न्यूयॉर्कहून निघालेलं एक विमान असाच पाठीवरचा वारा मिळून पाच तासांच्या आत लंडनला पोचलं होतं. एरवी त्याला साडेसहा-सात तास लागतात.

पुष्कळ जण सांगतात की पृथ्वी खालून फिरते म्हणून फरक पडतो. तसं नाही. हवाही पृथ्वीबरोबरच फिरते. नाहीतर बसमध्ये उडी मारणारा माणूस मागच्या काचेवर आपटला असता.

शिवाय तिकिटावरचे तास दार लागल्यापासून दार उघडेपर्यंतचे असतात. धावपट्टीकडं जाणं, रांग, चढणं, उतरणं, सगळं त्यात आलं.

आणि काकूंना सांगा, त्या रविवारी प्रवासभर सूर्य मावळणारच नाही. दुबईला पोचायच्या आधी विमानातच उजाडेल. मग तुम्ही सूर्याच्या मागं मागं पश्चिमेला जात राहाल. शिकागोला उतराल तेव्हाही ऊनच असेल. जवळजवळ चोवीस तासांचा उजेड. म्हणून औषधाच्या गोळ्या सूर्य बघून घेऊ नका. एका मनगटावर उदगीरचं घड्याळ तसंच राहू द्या आणि कुठली गोळी कधी, हे निघण्याआधी डॉक्टरांकडून लिहून घ्या.

—

कंधारवाला

हैदराबादच बरोबर. आमच्याकडचे लोक अजून मुंबईलाच पळतात, सवयीनं. उदगीर-मुंबई साडेपाचशेच्या वर आहे.

—

उदगीरचा_चालक

बाई, तुमचे उपकार कसे मानू. टरबूज आणलं. दोरा खरंच देठाकडं सरकला. पुतण्या, शेजारची दोन पोरं आणि मी, चौघांनी करून बघितलं. हिनं पण बघितलं, आणि मग म्हणाली, "म्हणजे लेक आपल्या पाठीमागं राहते." मी ३१ वर्षांत असं कधी म्हणलो नसतो.

मला वाटायचं जाताना चढ आणि येताना उतार असणार, घाटासारखं. वारा आहे हे आता कळलं.

कंधारवाल्यांना, हैदराबादचं आम्हाला नवल नाही. आमचे आजोबा उदगीरहून कामाला तिकडंच जायचे, नोव्हेंबर १९५६ पर्यंत आपलं राजधानीचं गाव तेच होतं. उदगीर, बिदर, जहिराबाद, पटनचेरू, मग बाहेरचा वळणरस्ता धरून शमशाबाद. सव्वादोनशे किलोमीटर. हा टप्पा मला कुणी सांगायची गरज नाही.

चालकाचं कुणी सांगा. आणि हिच्या प्रश्नाचं.

—

चिकलठाण्याचा_भाचा

काका, चालकाचं मी सांगतो, विमानतळावर जमिनीवरच्या कामात दहा वर्षं काढली.

पंधरा तासांच्या फेरीला एकच वैमानिक नसतो. साधारण चार असतात. दोघं समोर बसतात, दोघं झोपतात, मग पाळी बदलते. प्रवाशांना दिसत नाही अशी त्यांच्यासाठी पलंगांची वेगळी खोली असते. कुणी किती तास चालवायचं आणि किती विश्रांती घ्यायची ह्याचे कायदे आहेत, आणि तास संपले तर विमान उभं राहतं, प्रवासी ओरडले तरी. उतरताना समोर बसणारे ताजे असावेत अशाच पाळ्या लावतात.

डिझेल म्हणालात, ते रॉकेलच्या जवळचं इंधन असतं. लांब पल्ल्याला वापरतात त्यातलं बोइंग ७७७-३००ईआर हे विमान घ्या, त्याच्या टाक्यांत सुमारे १,८१,००० लिटर मावतं. वाटेत कुठं भरायची सोय नाही, म्हणून उतरायच्या ठिकाणी अडचण आली तर दुसऱ्या विमानतळापर्यंत पुरेल एवढं जादा घेऊनच निघतात.

—

उदगीरचा_चालक

चार! मनावरचं मोठं ओझं उतरलं. आमच्या वेळेला रातराणीला दोन चालक मिळावेत म्हणून किती वेळा बोललोय मी. माझी गाडी लिटरला चार-सव्वाचार द्यायची. एक लाख ऐंशी हजार लिटर म्हणजे माझ्या अख्ख्या नोकरीत मी एवढं जाळलं असंल का, ते बसून मांडावं लागंल.

—

जिंतूरची_लेक

भाऊ, वहिनींच्या प्रश्नाला कुणी हात घालेना म्हणून लिहितेय. मी दोन बाळंतपणं करून आले, दोन्ही न्यू जर्सीला. दुसऱ्या वेळी, २०१९ च्या श्रावणात, तिथं असताना माझे वडील गेले.

फोन आला तेव्हा तिथं संध्याकाळ होती. त्या रात्रीचं विमान गेलेलं. दुसऱ्या दिवशीचं मिळालं. न्यू जर्सीहून मुंबई साडेबारा हजार किलोमीटर, ते चौदा-साडेचौदा तासांत झालं. मग मुंबईत उतरून गाडी मिळेपर्यंत अर्धा दिवस गेला. रात्रीच्या देवगिरीनं परभणी, तिथून जीपनं जिंतूर. परभणीपर्यंतच्या साडेपाचशे किलोमीटरला सगळी रात्र. मला आजही त्या रात्रीचा राग येतो, विमानाचा येत नाही. विमान आपलं काम करून मोकळं झालं होतं. मी पोचले ती सावडायच्या दिवशी. वडिलांना ठेवू नका, असं मीच भावाला फोनवर सांगितलं होतं. त्यानं मला मोबाइलवर दाखवलं.

वहिनींना खोटा धीर देऊ नका. "एका दिवसात येता येतं" असं तिकडं राहणारी मुलं सांगतात, ती विमानाचे तास सांगतात. खरं गणित असं : विमान रोज एकाच वेळेला सुटतं. फोन त्याच्या आधी आला, तिकीट मिळालं, तर त्या दिवशी निघालात. सुटल्यावर फोन आला तर एक आख्खा दिवस तिथंच बसून गेला. तो दिवस फार वाईट असतो. मी लेकीची भांडी घासत बसले होते.

तेव्हा मी वहिनींच्या जागी असते तर आधी चार दिवस देवणीला जाऊन राहिले असते. नुसतं भेटून नाही, राहून. आईचं डोकं धुवून द्यावं, तिच्या हातचं खावं. आणि भावा-भावजयीशी एक बोलणं स्वच्छ करून घ्यावं, की काही झालं तर थांबायचं की नाही. ते बोलणं आधी झालेलं असलं की तिकडं फोनवर रडत रडत ठरवावं लागत नाही. आईशीसुद्धा बोलावं, म्हाताऱ्या माणसांना आपल्याला वाटतं त्यापेक्षा जास्त सोसतं. माझ्या सासूबाईंनी तर मला स्वतःच सांगितलं होतं, "माझ्यासाठी परत फिरू नको, लेकीला अर्ध्यावर सोडू नको."

दुसरं, परतीचं तिकीट तारीख बदलता येणारं आहे का, त्याला किती पैसे पडतात, हे जावयांकडून कागदावर लिहून घ्या. दोघांचे पासपोर्ट एकाच जागी, हाताशी. बाळंतपण आटोपल्यावर वहिनी एकट्या परत यायच्या म्हणल्या तर येऊ शकतील का, ह्याचा आत्ताच विचार करा. जाताना त्यांना नीट बघू द्या, कुठं काय विचारतात, कागद कुठले काढायचे. तुम्हीच सगळं हातात धरून पुढं चालू नका.

बाकी थोडं प्रवासाचं. दोघांसाठी चाकाच्या खुर्चीची मदत तिकिटावर आधी नोंदवून ठेवा, तिला वेगळे पैसे पडत नाहीत. चालता येतं म्हणून लाजू नका. दुबईचा विमानतळ केवढा तरी मोठा आहे आणि मदतीला माणूस असला की चुकायची भीती राहत नाही. हैदराबादला बॅगा देताना त्या थेट शिकागोपर्यंत जातात ना, हे विचारून चिठ्ठीवर बघून घ्या. दर दोन तासांनी उठून चाला, पाय सुजतात. पाणी पीत राहा, आतली हवा फार कोरडी असते. औषधं, चष्मा, एक जोड कपडे हातातल्या पिशवीत. मोबाइलची बॅटरी भरायची डबी पण हातातच, मोठ्या बॅगेत चालत नाही. अडकित्ता असेल तर मोठ्या बॅगेत, हातात धरून आत सोडणार नाहीत. लोणचं, तूप हातातल्या पिशवीत ठेवू नका, शंभर मिलिलिटरच्या वरचं पातळ काही नेऊ देत नाहीत.

डिंकाचे लाडू, शेंगदाण्याची चटणी, येसर मी दोन्ही वेळा नेलं. ताजी फळं, भाजी, मांस नेऊ नका. जे खायचं नेताय ते विचारल्यावर सरळ सांगा. सांगितलं म्हणून फार तर काढून घेतील, लपवलं तर दंड होतो.

—

धाराशिव_ते_शिकागो

काका, मी इथं बारा वर्षं आहे, मूळ तेरचा. तुम्ही ओहेर विमानतळाच्या ५ नंबरच्या टर्मिनलला उतराल. विमान ३:५० ला टेकलं तरी लगेच बाहेर याल असं धरू नका. अधिकाऱ्यापुढची रांग, बोटांचे ठसे, बॅगा, ह्याला एक ते दोन तास धरा. कशाला आलात, कुठं राहणार, किती दिवस, एवढंच विचारतात. लेकीचा पत्ता आणि फोन कागदावर लिहून ठेवा. व्हिसावरची तारीख वेगळी आणि राहायची मुदत वेगळी. मुदत तो अधिकारी ठरवतो, बहुतेक सहा महिने देतात. बाहेर पडल्यावर तारीख बघायला लेकीला सांगा.

मे महिन्यात इथं आठच्या सुमाराला सूर्य मावळतो. घरी पोचल्यावर झोप अनावर होईल, कारण तुमच्या शरीराची पहाट झालेली असेल. तरी जेवून, थोडं चालून, अंधार पडल्यावरच झोपा. पहिले चार-पाच दिवस रात्री दोनला जाग येईल. घाबरू नका.

सगळ्यात मोठी चूक सांगतो, माझ्या मामांच्या बाबतीत झालेली. "१० मे पहाटे ४:२०" म्हणजे तुम्हाला ९ तारखेला, शनिवारी संध्याकाळी घर सोडायचं आहे. मामा रविवारी रात्री निघायच्या तयारीत होते. विमान सकाळीच गेलेलं.

—

भूगोलाची_बाई

हे तारखेचं फार महत्त्वाचं सांगितलंत. मी लिहायला विसरले होते.

जिंतूरच्या ताई, आपण एकाच जिल्ह्यातल्या. त्या रात्रीबद्दल वाचून गलबलून आलं.

—

उदगीरचा_चालक

सगळ्यांचं दोन-दोनदा वाचलं. हिला मोठ्यानं वाचून दाखवलं. जिंतूरच्या ताईंचं वाचताना मधेच थांबावं लागलं.

काल रात्री बसून वेळापत्रक केलं, डेपोत करायचो तसं. डाव्या बाजूला उदगीरचं घड्याळ, उजवीकडं तिथलं.

जाताना : शनिवार ९ तारीख, संध्याकाळी ७ ला उदगीर. जहिराबादला अर्धा तास जेवण. रात्री १२ ला शमशाबाद. पहाटे ४:२० ला उड्डाण. २२ तास. मग रांगेचे दोन, लेकीच्या घरापर्यंत एक. घर ते घर ३४ तास २० मिनिटं. अंतर साडेचौदा हजाराच्या जवळ. त्यातले सव्वादोनशे किलोमीटर मी स्वतः गाडीत पुढं बसून जाणार, चालवणार पुतण्या.

आणि दुसरा कागद हिच्यासाठी केला, शिकागो ते देवणी. विमान रात्री ८:३० ला. दुपारी दोनपर्यंत फोन आला आणि तिकीट मिळालं, तर साडेसहा तास तिथं, वीस तास विमानाचे, दीड तास हैदराबादला बाहेर पडायला, पाच तास रस्ता. ३३ तास. फोन संध्याकाळी साडेसातला आला, म्हणजे आपल्याकडं पहाटे सहाला, तर त्या दिवशीचं विमान धरता येत नाही. मग दुसऱ्या रात्रीपर्यंतचे पंचवीस, वीस आणि साडेसहा. साडेएकावन्न तास. दोन दिवस आणि वर साडेतीन तास. मी हा आकडा दोनदा तपासला, कमी होईना.

हिला तो जसाच्या तसा सांगितला. ही थोडा वेळ काही बोलली नाही. मग कागद घडी करून पासपोर्टच्या पिशवीत ठेवला आणि म्हणाली, "मला उद्या देवणीला सोडा."

आज सकाळी सोडून आलो. आठ दिवस राहणार आहे. मेव्हण्याशी बोलणं झालं, सासूबाईंसमोरच झालं. सासूबाईंना टरबुजाचं सांगितलं, लेकीचं घर कुठं आहे ते. त्यांनी विचारलं, तिथं आता दिवस आहे का रात्र. मी घड्याळ बघून सांगितलं, आत्ता रात्रीचे पावणेबारा वाजलेत. त्या म्हणाल्या, मग आत्ता फोन लावू नका, पोरगी झोपली असंल.

बाई, हिच्यासाठी दुसरं घड्याळ घ्यायचंय. काट्याचं घ्यावं का आकड्यांचं? हिला काट्याचं कळतं, पण काट्याच्या घड्याळात दिवस का रात्र ते दिसत नाही.